चार पंख्यांचं विमान

वाल्मिक रातपाळी करून घरी आला की त्याच्याशी फार बोलायचं नाही, हे रंजनाने लग्नानंतर लवकरच ओळखलं होतं. तो मोरीत हातपाय धुवायचा, भुवयांवर बसलेली धाग्याची बारीक लव पुसायचा, चहात बिस्किटं बुडवून खायचा आणि भिंतीकडे तोंड करून आडवा व्हायचा. मग बमरोलीतल्या त्या एका खोलीत दुपारपर्यंत सगळं हळू आवाजात चालायचं. रंजना दाराशी बसून साड्यांना खडे चिकटवायची. मुलगी चंचल कॉलेजला जाताना चपला हातात घेऊन जिना उतरायची. कुकर शेजारच्या प्रमिलाबाईंच्या गॅसवर लागायचा, कारण त्याच्या शिट्टीने वाल्मिक उठायचा.

शिरपूरकडचं गाव सोडून ते सुरतेत आले तेव्हा चंचल झालेलीही नव्हती. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, वाल्मिकला आधी एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रातपाळी असायची. पुढे दिवसपाळीच्या कारीगराची आई आजारी पडली, वाल्मिकने काही दिवसांसाठी म्हणून रातपाळी घेतली आणि ती त्याच्याच गळ्यात राहिली. त्याने कधी परत मागितली नाही. मागणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

उत्तरायण होऊन गेलं होतं. तारांवर फाटके पतंग अजून लटकत होते. एका सकाळी वाल्मिकचा नुकता डोळा लागला होता आणि रंजना सुईच्या टोकाने खडा उचलत होती, तेवढ्यात लांबून घरघर सुरू झाली. तिला आधी वाटलं, बोअर मारायची गाडी गल्लीत शिरली. मग आवाज वाढत गेला, पत्रे थडथडायला लागले, मांडणीवरचा पेला खाली आला आणि खोलीत क्षणभर अंधारल्यासारखं झालं.

वाल्मिक बनियनवर उठून उभा राहिला. त्याचे डोळे उघडे होते, पण तो जागा नव्हता.

"काय पडनं?" त्याने विचारलं. एकमेकांशी ते बहुतेक अहिराणीच बोलायचे.

"काही नही पडनं. इमान शे."

"इतलं खाले?"

तोवर अख्खी चाळ समोरच्या इमारतीच्या अगाशीवर चढली होती. रंजनाही गेली. ते विमान नेहमीसारखं नव्हतं. बमरोलीवरून जाणारी विमानं पांढरी, बारीक, आपल्या वाटेने जाणारी. हे रुंद आणि जडशीळ होतं. पंखांवर चार इंजिनं, प्रत्येकापुढे गरगरणारा पंखा. पोटाखालचे तेलाचे काळे ओघळही दिसले, इतकं ते खाली होतं. वेसूच्या उंच टॉवरांकडे ते एका अंगावर कललं, खाली खाली गेलं आणि दिसेनासं झालं. पोरं ओरडत होती. जरा वेळाने ते पुन्हा आलं. मग आणखी एकदा.

संध्याकाळी चंचलने मोबाईलवर वाचून सांगितलं. रविवारी विमानतळाजवळच्या मैदानावर हवाई कसरती होणार होत्या. जुनी विमानं सांभाळणाऱ्या एका संस्थेचं हे विमान होतं, साठ-सत्तर वर्षांपूर्वी समुद्रापार प्रवासी नेणारं. आता ते गावोगावी जाऊन जमिनीलगत उडून दाखवत असे. "मम्मी, गवताला टेकेल इतकं खाली आणतात," चंचल म्हणाली. "रविवारपर्यंत रोज सराव आहे."

"रोज?" रंजनाने विचारलं.

"हा, रोज सवारे, सकाळीच."

वाल्मिक डबा घेऊन निघाला होता. त्याने ऐकलं आणि जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी त्याने कानात कापूस घातला. आवाज कानातून नाही, जमिनीतून आणि खाटेच्या पायांतून यायचा. तिसऱ्या दिवशी तो त्याच्या शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्या सुकदेवच्या खोलीवर झोपायला गेला. ती खोली उधन्याला. तिथे एकाच अंथरुणावर पाळीपाळीने दोघे झोपतात. दुपारी तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला होता.

"जप उनी का?" रंजनाने विचारलं. झोप लागली का.

"थोडी उनी."

ती त्याला ओळखत होती. लागली नव्हती.

"आज नका जाऊ."

"नही गऊ ते मशीन दुसराले देतीन," तो म्हणाला आणि चप्पल घालायला वाकला. वाकल्यावर त्याला उठायला वेळ लागला.

गुरुवारी सकाळी वाल्मिकला सुकदेव घरी घेऊन आला. वाल्मिकच्या शर्टाची उजवी बाही खांद्यापासून नव्हती. मनगटापासून कोपरापर्यंत हात सोलला होता, त्यावर हळद आणि पट्टी. वाल्मिक आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. सुकदेव दारात उभा राहून हळू आवाजात सांगू लागला.

"उभ्या उभ्या डुलकी लागली वहिनी. बाही मशीनच्या पट्ट्यात गेली. मी बटण दाबलं म्हणून. हात वाचना, इतलंच समजा."

"शेठ काय म्हणाले?"

"म्हणाले, दिवसभर आराम करा आणि रातच्याला या."

रंजना दारातच बसली. समोर निम्मी झालेली साडी पसरली होती. थोड्या वेळाने विमान आलं. ती आत वळून वाल्मिककडे बघत राहिली. तो उठला नाही, हलला नाही, पण त्याच्या पाठीकडे बघून तिला कळलं की तो जागा आहे आणि विमान जायची वाट बघतोय.

ती प्रमिलाबाईंकडे गेली. प्रमिलाबाई लग्नांच्या पार्टी प्लॉटवर आणि जत्रा-प्रदर्शनात झाडलोटीच्या कामाला जायच्या. ठेकेदाराचा टेम्पो कोणत्या नाक्यावर येतो, कोणत्या मैदानावर किती बाया लागतात, हे सगळं त्यांना माहीत असायचं.

"बाई, त्या विमानाच्या मैदानावर तुमच्या बाया जातात का?"

"जातात ना. मी पण उद्या जाणार. का?"

"मला न्या."

"तुला झाडू मारायचाय?"

"मला त्या विमानवाल्याला भेटायचंय."

प्रमिलाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. नंतर खोलीच्या दाराकडे पाहिलं. "सकाळी लवकर तयार राहा," त्या म्हणाल्या. "आणि तिथे गेल्यावर आधी काम कर. बोलायचं ते नंतर."

मैदान मोठं होतं. मंडप उभे राहत होते, लाल गालिचे गुंडाळून पडले होते. सकाळचा सराव आटपून विमान मैदानाच्या कडेला, धावपट्टीलगत उभं होतं. मोठ्या लोकांना ते आतून दाखवायचं होतं, म्हणून मुकादमाने दोघींना तिकडे पाठवलं. गळ्यात कार्ड, हातात झाडू-पोछा. रंजना शिडी चढली. वरून जाताना ते इतकं मोठं वाटायचं, आणि दारातून मात्र वाकून जावं लागलं.

आत ऊन कोंडलं होतं. जुन्या रेक्झिनचा आणि तेलाचा वास होता. सीटांची कव्हरं ठिकठिकाणी शिवलेली, खिडक्यांचे पडदे विटलेले. प्रमिलाबाई पुढच्या बाजूला लागल्या, रंजना मागे गेली. शेवटच्या ओळीत एक माणूस झोपला होता.

म्हातारा होता. तीन सीटांवर कसाबसा मावला होता, पाय वाटेत आले होते. पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर सोनेरी पट्ट्या होत्या, बूट काढून खाली नीट ठेवले होते. तोंड थोडं उघडं. रंजनाने त्याच्या छातीवरची पाटी वाचायचा प्रयत्न केला. इंग्रजी होती. पण तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ज्याला शोधायला ती आली होती तो हाच होता.

आता त्याला हाक मारायची आणि सगळं सांगायचं. रात्रभर तिने वाक्यं जुळवली होती. ती तिथे झाडू धरून उभी राहिली. त्याच्या डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या. झोपेतच त्याची बोटं मधूनच हलत होती. वाल्मिकची अशीच हलायची, झोपेत तुटलेला धागा जोडत असल्यासारखी.

तिने झाडू सीटला टेकवला आणि पोछ्याने आवाज न करता पुसायला लागली.

बाहेर पंखाखाली मंडपवाल्यांनी लोखंडी खांब ठोकायला सुरुवात केली. त्या माणसाच्या कपाळाला आठी पडली. रंजना दाराशी गेली आणि खाली वाकून म्हणाली, "ओ भाई, वो बाद में ठोको. अंदर आदमी सोया है."

"मॅडम, साहेबने कहा है अभी करने को."

"तो साहेब को बोलो, विमानवाला सोया है. दूसरी तरफ का काम कर लो पहले."

तो पोरगा जरा वेळ बघत राहिला आणि हातोडा घेऊन पलीकडे गेला. प्रमिलाबाई पुढून बघत होत्या. त्यांनी हातानेच खुणावलं, उठव ना. रंजनाने मान हलवून नाही म्हटलं.

सगळं पुसून झालं, तरी ती काही ना काही करत राहिली. एक खिडकी दोनदा पुसली. शेवटी तो माणूस आपोआप जागा झाला. आधी पाय आखडून घेतले, मग उठून बसला आणि तिच्याकडे बघत राहिला.

"पानी है?" त्याने विचारलं.

तिने आपली बाटली दिली. तिकडून प्रमिलाबाईंनी विचारलं, "उठले का गं?" आणि रंजना "हो बाई" म्हणाली, तेव्हा त्याने बाटली खाली घेतली.

"मराठी आहात का? मी ठाण्याचा. किती वेळ झोपलो मी?"

"पुष्कळ. बाहेर ठोकत होते, ते मी थांबवलं."

"तुम्ही? का?"

"माझे मालक रातपाळीला असतात. दिवसा झोपलेल्या माणसाला मी उठवत नाही," ती म्हणाली. "तुम्ही उठवता."

त्याला लगेच कळलं नाही. मग तिने सांगितलं. जुळवलेली वाक्यं काही आली नाहीत. बमरोलीची खोली, पत्रे, बाही पट्ट्यात गेली ते, सोललेला हात, सगळं मागेपुढे झालं. त्याचं नाव योगेंद्र होतं आणि तो कॅप्टन होता, हे तिला नंतर प्रमिलाबाईंकडून कळलं.

"मलाही इथे आल्यापासून झोप नाही," तो म्हणाला. "हॉटेलच्या मागे पार्टी प्लॉट आहे. रोज लग्न. डीजे बंद होतो तोवर माझी उठायची वेळ होते. तुमच्या सुरतेत लोक झोपतात तरी कधी?"

"पाळीपाळीने झोपतात साहेब."

तो हसला नाही. बूट घालायला वाकला. "तुमच्यावरून येतो ते टॉवर चुकवायला. दुसरी वाट आहे, पण सकाळी तिकडून वारा पाठीवर असतो. जड विमान आहे."

"आणि इतकं खाली कशाला येता?"

"लोकांना आवडतं. गेल्या वर्षी जेवढं खाली आलो तेवढं यंदा पुरत नाही. दरवेळी थोडं आणखी खाली यावं लागतं."

"तुम्हाला आवडतं का?"

"आवडायचं," तो म्हणाला. मग बुटाची नाडी बांधत बसला. ती बांधून झाल्यावर म्हणाला, "तुमचे मालक उठतात कधी?"

"दुपारी. तीनच्या पुढे."

"मग सराव संध्याकाळी करतो. रविवारचं उड्डाणही संध्याकाळीच ठेवतो. तेव्हा गर्दी जास्त असते. निमित्त सांगता येईल."

ती शिडी उतरून बादलीतलं पाणी टाकत होती, तेव्हा तो खाली उभा राहून दुसऱ्या एका तरुण वैमानिकाशी बोलत होता. "संध्याकाळी सूर्य समोर येईल सर," तो तरुण म्हणत होता. "समुद्रावरून सरळ डोळ्यांत. सकाळची वेळ आपण त्यासाठीच घेतली होती."

"येऊ दे, संदीप."

"सर, तुम्ही आधीच थकलाय."

"येऊ दे म्हटलं ना."

रंजनाने बादली उचलली आणि चालायला लागली. टेम्पोत प्रमिलाबाई म्हणाल्या, "झालं ना तुझं काम?" ती हो म्हणाली. पण त्या तरुण वैमानिकाचे शब्द तिच्या मनातून जात नव्हते.

शनिवारी सकाळी आकाशात काही आलं नाही. वाल्मिक असा झोपला की त्याचा पाय खाटेवरून खाली लोंबला तरी त्याला कळलं नाही. उठला तेव्हा ऊन उतरलं होतं. चहा पिताना तिने त्याला सगळं सांगितलं.

"साहेबले तू उठाडं का?" त्याने विचारलं.

"नही."

त्याने मान डोलावली आणि कप पुढे केला. तिने आणखी चहा ओतला. नंतर विमान आलं, तेव्हा तो दारात उभा राहून बघत होता. पहिल्यांदाच त्याने ते पुरतं पाहिलं.

"चांगलं शे," तो म्हणाला.

रविवारी खात्याला सुटी होती. संध्याकाळी अगाशीवर पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी कोवळ्या ज्वारीचा पोंक आणला होता, कोणी खुर्च्या. चंचल मैत्रिणींबरोबर टाकीच्या बाजूला उभी होती. रंजना आणि वाल्मिक कठड्याशी. सूर्य समुद्राकडे, हजीऱ्याच्या बाजूला उतरला होता आणि तिकडे बघवत नव्हतं. डोळ्यांवर आडवा हात धरूनही नुसती पांढरी झगझग दिसत होती.

विमान आलं. अगाशीवरून गेलं तेव्हा बायकांचे पदर उडाले, खालच्या दोरीवरचे कपडे गळून पडले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. ते झगझगीत शिरलं, टॉवरांमागे गेलं आणि पलीकडून वर आलं. दुसऱ्यांदा आणखी खाली. सगळे टाळ्या वाजवत होते. चंचल ओरडून मैत्रिणीला काहीतरी सांगत होती. रंजनाला टाळ्या वाजवता येईनात. तिला ते विटके पडदे दिसत होते, शिवलेली कव्हरं, खाली नीट ठेवलेले बूट. ते सगळं त्या आवाजाच्या आत होतं आणि कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्यांदा ते इतकं खाली आलं की शेजारच्या इमारतीवरची माणसं खाली बसली. सूर्याकडे तोंड करून ते कललं, टॉवरांमागे उतरलं आणि दिसेनासं झालं. नंतर आवाजही गेला. आधी दोन वेळा आवाज राहिला होता, लांबून का होईना. या वेळी राहिला नाही.

शिट्ट्या थांबल्या. कोणीतरी म्हणालं, "क्यां गयुं?" टॉवरांमागून कबुतरांचा थवा उठला आणि इकडेतिकडे फुटला. रंजनाने कठडा दोन्ही हातांनी धरला. वाल्मिकने तिच्या हातांकडे पाहिलं.

"काय व्हयनं तुले?"

"तो माणूस जपेल नही शे," ती म्हणाली. "माझ्यासाठी त्याने वेळ बदलली. सूर्य डोळ्यांत येतो त्याच्या."

वाल्मिकने आपला पट्टी बांधलेला हात तिच्या हाताशेजारी कठड्यावर ठेवला आणि तोही तिकडेच बघू लागला.

मग डावीकडे, कोणी बघत नव्हतं अशा बाजूला, ते वर आलं. हळू आलं, नाक वर करून, मागे धुराची पट्टी सोडत. लोक ओरडले, पहिल्यापेक्षा दुप्पट ओरडले. रंजना खाली फरशीवर बसली. वाल्मिक तिच्याजवळ बसला आणि सगळी गर्दी उतरून जाईपर्यंत दोघं तिथेच बसून राहिली.

सोमवारी चंचलने व्हिडिओ दाखवले. मैदानावर गवत आडवं झालं होतं, एक मंडप फाटला होता. मोठ्या लोकांसाठी बांधलेल्या उंच माचावर बसलेल्यांच्या डोक्यांपेक्षाही विमान खाली होतं. उतरल्यावर कॅप्टन बराच वेळ बाहेर आला नव्हता. आला तेव्हा माईक हातात देणाऱ्या निवेदकाला म्हणाला की आजपासून असं खालून उडणं आपण बंद केलं, विमान परत दुसरा कोणी नेईल. निवेदकाला ती गंमत वाटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेहरा जवळून दाखवला तेव्हा रंजनाने मोबाईल हातात घेतला आणि थोडा वेळ बघितला.

"ओळखतेस का मम्मी?" चंचलने विचारलं.

"भेटले होते एकदा."

दोन दिवसांनी विमान गेलं. खूप वरून गेलं, नेहमीच्या विमानांच्या वाटेने. वाल्मिक तेव्हा झोपलेला होता.

त्या आठवड्यात मात्र त्याने एक गोष्ट केली, जी त्याने इतक्या वर्षांत केली नव्हती. त्याच्या मशीनवर दिवसपाळीला लखन नावाचा तरुण कारीगर होता. पाळी बदलताना वाल्मिकने त्याला थांबवून सांगितलं की आपल्याला पूर्वीसारखी आठवडा-आठवडा पाळी पाहिजे. लखन कुरकुरला, मग वाल्मिकच्या हाताकडे बघून म्हणाला, चालेल, पण होळीनंतर. शेठने खांदे उडवले. त्याला मशीन चालू असण्याशी मतलब.

होळीनंतरच्या पहिल्या दिवसपाळीला वाल्मिक सकाळी निघाला आणि संध्याकाळी घरी आला. चंचल अभ्यास करत होती. त्याने हातपाय धुतले, जेवला, दारात जाऊन उभा राहिला, परत आत आला. खाटेवर बसला. गल्लीतले दिवे लागले होते आणि लोक कामावरून येत होते. या वेळेला घरी असलं की काय करतात, ते तो विसरून गेला होता.

"आते काय करानं?" त्याने रंजनाला विचारलं.

ती साडीची घडी घालत होती. "आते जपानं," ती म्हणाली.

तो आडवा झाला. झोप त्याला बराच वेळ आली नाही. तिलाही आली नाही. दोघं आपापल्या जागी पडून गल्लीतले आवाज ऐकत राहिले.